दोऱ्याला कोणी शिकवलं?

आमच्या बाबांनी भरल्या सभागृहात माईक हातात घेऊन सांगितलं की, मी इतकी वर्षं मुलांना चुकीचं शिकवत आलो.

हे घडलेलं नाही. आमच्या घरात तसं ठरलं आहे. आईने त्याच संध्याकाळी चहाचे कप मांडता मांडता ठराव मांडला, कोणी विरोध केला नाही, आणि तो एकमताने मंजूर झाला. तेव्हा वाचकांनीही वरचं वाक्य वाचलेलं नाही असं समजावं. मीही काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने सुरुवात करतो. माझा चेहरा तेवढ्याच कामाचा आहे, असं घरचे म्हणतात.

तर, गर्दी.

सभागृहाच्या पायऱ्यांवर गर्दी, व्हरांड्यात गर्दी, आणि आत तर खुर्च्यांपेक्षा खुर्चीवर ठेवलेले रुमाल जास्त. प्रत्येक रुमालामागे एक आई, एक वडील आणि मधे घातलेलं एक मूल. या सगळ्या मुलांना थोड्याच आठवड्यांत कॉलेजची प्रवेश परीक्षा द्यायची होती. ती परीक्षा साधी आहे. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, अ, ब, क, ड. त्यातला एक बरोबर. चुकीचा निवडला की मिळालेल्या गुणांतून कापतात. एका दुपारी एवढं केलं की माणूस आयुष्यभर काय होणार ते ठरतं, आणि बाकीचे नातेवाईक त्याच्याकडे कसे बघणार तेही.

मंचावर स्पंदन सर उभे होते. त्यांचं खरं नाव कोणी विचारलं नाही, कारण ते बोलायला लागले की मधे विचारायला फट सापडत नसे. त्यांच्या हातात एक पांढरा दोरा होता. दोऱ्याच्या एका टोकाला सोनेरी रंग दिलेला नट होता, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. दुसऱ्या टोकालाही नटच होता, पण तो बोलायचा.

सर म्हणायचे, प्रश्न विश्वात आहे, उत्तरही विश्वातच आहे, मग मधे पुस्तक कशाला? प्रत्येक योग्य उत्तराची एक लहर असते. ती ऊर्जाभारित धातूला कळते. एक चौकोनी पुठ्ठा घ्या. त्यावर वर अ, उजवीकडे ब, खाली क, डावीकडे ड. मधोमध दोरा धरा, प्रश्न वाचा, चारही पर्यायांवरून नजर फिरवा आणि मन मोकळं सोडा. दोरा आपोआप झुलेल आणि जिकडे उत्तर तिकडे जाईल. अ म्हणजे अवकाश, ब म्हणजे बल, क म्हणजे कंपन. 'ड'पर्यंत पोचेतो त्यांचा श्वास संपायचा आणि ते पाणी प्यायचे. एका आजोबांनी चिकाटीने विचारलंच की ड म्हणजे काय. सर डोळे मिटून म्हणाले, ड हे मौन आहे. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली.

मला हसू आलं, पण माझ्या हसण्याला गावात पत नव्हती. मी मागच्या वर्षी हीच परीक्षा दिली होती. माझे गुण आमच्या घरात आजाराच्या नावासारखे उच्चारतात, हळू आवाजात आणि पाहुणे गेल्यावर. जो पायरीवरून पडला त्याने पायरीबद्दल बोलू नये, असा शिष्टाचार आहे. मी तो पाळत होतो.

मग सरांनी मंचावर एक मूल मागितलं, आणि आईने माझ्या धाकट्या बहिणीला ढकललं.

तिला घरात आम्ही बारकी म्हणतो. बारकी हुशार आहे. म्हणजे घरी हुशार आहे. पेपर समोर आला की तिच्या डोक्यातलं सगळं धुतल्या पाटीसारखं पुसून जातं, हात थरथरतात, आणि येत असलेलं उत्तरही ती अशा भीतीने लिहिते जणू दुसऱ्याच्या घरातला कप फुटलाय. अशी बारकी मंचावर गेली. सरांनी मागच्या कुठल्याशा वर्षीचा प्रश्न वाचला. दोरा आधी थरथरला, मग हलला, मग खालीवर झुलायला लागला. अ-क, क-अ, अ-क. सर म्हणाले, क. उत्तर क होतं. दुसरा प्रश्न, बरोबर. तिसरा, बरोबर. बारकीच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली गोष्ट दिसली. तिला भीती वाटत नव्हती.

तेवढ्यात सरांनी बाबांना हेरलं.

बाबा इथल्या शाळेत विज्ञान शिकवतात. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय. मुलं मागून त्यांना तळेसर म्हणतात, त्याचं कारण पुढे येईल. सर म्हणाले, विज्ञानाचे माणूस आहात, वर या आणि स्वतः बघा, मुलगी हात हलवतेय का? बाबा वर गेले. चष्मा काढला, पुसला, घातला, वाकून बारकीच्या बोटांकडे पाहिलं. बोटं स्थिर दिसत होती. दोरा झुलत होता. सरांनी माईक पुढे केला. सगळं सभागृह बाबांकडे बघत होतं, आणि बाबांना त्या झुलण्याचं कारण सांगता येत नव्हतं.

"काहीतरी आहे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौकाचौकात फलक लागले. वर सरांचा फोटो, खाली ठळक अक्षरांत: 'काहीतरी आहे!' – विज्ञानाचे ज्येष्ठ शिक्षक. उद्गारचिन्ह त्यांनी पदरचं घातलं होतं. सरांच्या वर्गाच्या नोंदणीला रांग लागली. रांगेतले लोक बाबांना वाटेत थांबवून विचारायचे, सर, म्हणजे घालू ना मुलाला? आणि बाबा मानेने असं काहीतरी करायचे ज्याचा अर्थ हो, नाही किंवा मान अवघडली आहे, यांपैकी काहीही होऊ शकत होता. लोकांनी तिथेही 'हो' निवडलं.

मी बाबांना घरी विचारलं की असं का म्हणालात. त्यांनी वर्तमानपत्राची घडी नीट घातली, मग पुन्हा उलगडली.

"एवढे लोक बघत होते रे. शिक्षकाने काहीतरी म्हणायला नको?"

"म्हणालात की. 'काहीतरी'च म्हणालात."

आईने मला दळण आणायला पाठवलं.

इकडे बारकीने प्रकाश आणि चुंबकत्व हे दोन धडे बंद करून टाकले, कारण दोऱ्याला ते येत होते. वाचायला बसली की पुस्तक मिटलेलं आणि दोरा सुटलेला. मग सरांनी पुढची पायरी काढली. परीक्षेच्या खोलीत दोरा नेऊ देत नाहीत, हे त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. म्हणून 'आतल्या दोऱ्याची बॅच' सुरू झाली. तिथे मुलांना दोरा देतच नसत. मुलं रिकामी चिमूट हवेत धरायची आणि नसलेला नट नसलेल्या दोऱ्यावर कुठे झुलतोय ते बघायची. आमच्या गल्लीतून संध्याकाळी चाललं की खिडकीखिडकीत एक मूल हवेत चिमूट धरून बसलेलं, आणि त्याच्यामागे आई, हलू नये म्हणून श्वास रोखून.

मी बारकीला समजावलं. म्हटलं, अगं, झोका एका बाजूलाच जात नाही. अ-कडे जाणारा दोरा परत फिरून क-कडे जाणारच. मग उत्तर अ की क, हे कोण सांगतं? सर सांगतात. ती म्हणाली, जिकडे ओढ जास्त. मी म्हटलं, ओढ कोणाला कळते? ती म्हणाली, ज्याचं मन स्वच्छ असतं त्याला. मग मी माझ्या कॉमर्सच्या पुस्तकातला एक प्रश्न दिला, ज्यातला एकही शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता. दोरा छाती काढून झुलला. चूक झुलला, पण काय झुलला! असा आत्मविश्वास मी फक्त हिशोब चुकवणाऱ्या लोकांत पाहिलाय.

"दादा, तुझी स्पंदनं नकारात्मक आहेत," बारकी म्हणाली. "तू समोर बसू नकोस."

ती चेष्टा करत नव्हती. म्हणूनच मला चेष्टा सुचली नाही. परीक्षा जवळ आली होती, चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जाणार होते, आणि ही मुलगी येत नसलेल्या प्रश्नांनाही छाती काढून उत्तरं देणार होती. माझ्यासारखी एक रिकामी जागा घरात आधीच होती. दुसरी ठेवायला आमचं घर लहान आहे.

अशात आमची मावसबहीण राहायला आली. तीही हीच परीक्षा देणार होती आणि तिचं केंद्र आमच्या गावात आलं होतं. ती फटकळ आहे, म्हणून लहानपणापासून तिला तोफ म्हणतात. आल्या आल्या तिने बारकीचा दोरा पाहिला, काय हे म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून इतका वेळ गप्प बसली की आईला वाटलं प्रवास लागला.

दुपारी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जुने प्रश्न काढून बसल्या. एक प्रश्न आला. तळ्यात एक नाव आहे. नावेत एक दगड आहे. दगड उचलून तळ्यात टाकला, तो बुडाला. तळ्याच्या पाण्याची पातळी काय होईल? अ, वाढेल. ब, तेवढीच राहील. क, कमी होईल. ड, आधी वाढेल, मग कमी होईल.

बारकीने दोरा धरला. दोरा आडवा झुलला, ब-ड, ब-ड. ती म्हणाली, ब. तोफेने तोच दोरा तिच्या हातातून काढून घेतला आणि त्याच पुठ्ठ्यावर धरला. दोरा उभा झुलला. अ-क, अ-क.

तोफेने पुठ्ठा फिरवून पाहिला, दोरा उलटसुलट पाहिला, आणि बाहेर पेपर वाचत बसलेल्या बाबांना हाक मारली. "काका, तुमच्या घरात दोरा आडवा का चालतो? माझ्या हातात उभा चालतोय."

बाबा आत आले, प्रश्न वाचला, आणि त्यांचा चेहरा खुलला. हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या शाळेतून गेलेल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो म्हणून दाखवेल: दगड नावेत काय, पाण्यात काय, तळ्याला फरक काय! बाबांनी हे वर्गात तालावर म्हणून घेतलंय, वर्षानुवर्षं, बाक वाजवून. त्यावरूनच त्यांना तळेसर म्हणतात. त्यांनी तोफेलाही ते म्हणून दाखवलं, टेबलावर ठेका धरून.

तोफ म्हणाली की त्यांच्या सरांनी हे बादलीत करून दाखवलं होतं आणि पातळी खाली गेली होती.

बाबा हसले आणि समजवायला लागले. नावेत दगड असला की नाव खाली दबते, म्हणजे पाणी बाजूला सारलं जातं. किती? तर दगडाच्या वजनाइतकं. दगड पाण्यात बुडाला की तोही पाणी बाजूला सारतो. किती? तर दगडाच्या...

इथे ते थांबले.

"आकाराइतकं," तोफ हळूच म्हणाली. पहिल्यांदाच हळू. "वजनाइतकं नाही, काका. दगड जड असतो पण लहान असतो."

बाबांनी न्हाणीतली बादली भरली. एक स्टीलचा डबा तरंगत ठेवला, ती नाव. त्यात जुन्या तराजूचं लोखंडी वजन ठेवलं, तो दगड. पाण्याच्या रेषेवर बारकीच्या स्केचपेनने खूण केली. मग वजन उचलून पाण्यात सोडलं. पाणी खुणेच्या खाली गेलं. त्यांनी पुन्हा केलं. मग दुसरा डबा घेतला, दुसरं वजन घेतलं. पाणी दर वेळी खाली जात होतं, अगदी आज्ञाधारकपणे. बाहेरून आईने विचारलं काय पडलं, आणि बाबा म्हणाले, काही नाही.

मग त्यांनी दार लावून घेतलं. आत नळ चालू नव्हता.

जेवताना ते वर बघत नव्हते. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं की हा प्रश्न परीक्षेत नेहमी येतो का. मी म्हटलं, येतो कधीकधी. त्यांनी विचारलं, तुझ्या पेपरात होता? होता. मी ब-वर खूण केली होती, तालावर. पण बाबांचा घास हातात तसाच होता.

"होता," मी म्हटलं. "पण त्या एकाने काय होतंय? मी बाकीचे स्वतःच्या हिमतीवर चुकवले होते."

कोणी हसलं नाही. विनोद बरा होता, पण कोणी हसलं नाही.

बारकी मात्र दोऱ्याकडे बघत होती. तिला बाबांच्या चुकीपेक्षा एक वेगळीच गोष्ट खुपत होती. ती म्हणाली की उत्तर विश्वातून येत असेल तर विश्वालाही बाबांनीच शिकवलं का?

रविवारी सभागृहात परीक्षेपूर्वीची शेवटची महासाधना होती. सगळ्या मुलांनी एकत्र दोरे धरायचे आणि मंचावर बाबांनी बसायचं, फलकावरच्या वाक्यासारखं. आई म्हणत होती की आजारी आहे म्हणून कळवा. चूक झाली ती झाली, गुपचूप पुढच्या वर्षीपासून बरोबर शिकवा, कोण विचारतंय? तिचं म्हणणं अगदी व्यवहारी होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि न्हाणीतली बादली उचलली. मी डबा आणि वजन घेतलं. आम्ही रस्त्याने निघालो तेव्हा भेटेल तो विचारत होता, तुमच्याकडेही पाणी आलं नाही का?

सभागृह खचाखच भरलं होतं. बादली पाहून स्पंदन सर खूश झाले. त्यांनी जाहीर केलं की आज विज्ञान आणि स्पंदन यांचा जलसंगम होणार. बाबांनी माईक मागितला, आणि दोरे धरा म्हणाले. सगळ्या पोरांनी पुठ्ठे मांडले, दोरे धरले. बाबांनी नाव आणि दगडाचा प्रश्न वाचला, चारही पर्याय वाचले, आणि थांबले.

दोरे हलायला लागले. नंतर झुलायला लागले. मी मंचाच्या कडेला उभा होतो, मला सगळं दिसत होतं. सभागृहाचा पुढचा भाग आडवा झुलत होता. ओळीच्या ओळी आडव्या, एका तालात. माझ्या कानात ठेका वाजत होता, तळ्याला फरक काय. मागच्या कोपऱ्यात नदीपलीकडच्या शाळेची मुलं बसली होती. ती सगळी उभी झुलत होती. तोफ त्यांच्यात बसली होती, उभी.

सरांनाही ते दिसलं. ते काही बोलायच्या आत बाबांनी विचारलं की आडव्यांना विज्ञान कोणी शिकवलं. पुढच्या सगळ्या ओळींनी बाबांकडे बोट केलं, अभिमानाने. मग त्यांनी उभ्यांना विचारलं. त्यांनी त्यांच्या बाईंचं नाव घेतलं.

बाबांनी बादली माईकजवळ ओढली. डबा तरंगत ठेवला, वजन ठेवलं, खूण केली. खूण वाकडी आली. वजन पाण्यात सोडलं. पहिल्या ओळीतले लोक उठून वाकले, त्यांच्यामागचे खुर्च्यांवर चढले. पाणी खुणेखाली गेलं होतं.

"उत्तर क आहे," बाबा म्हणाले. "पलीकडच्या बाई बरोबर आहेत. मी इतकी वर्षं तुम्हाला चुकीचं शिकवत आलो. तुमच्यातल्या काहींच्या आईवडिलांनाही." मग त्यांनी समोरच्या आडव्या दोऱ्यांकडे पाहिलं. "आणि हा दोरा विश्वातून काही आणत नाही. हा दोरा माझा विद्यार्थी आहे. जेवढं मी शिकवलं तेवढंच त्याला येतं. चूकसुद्धा माझीच म्हणतोय."

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण स्पंदन सर पोटापाण्याला लागलेले गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं आणि सांगितलं की बघा, याला म्हणतात निष्ठा! गुरू चुकला तरी दोरा गुरूचा शब्द मोडत नाही!

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शपथेवर सांगतो, टाळ्या वाजवल्या. पुढच्या ओळीतल्या एका बाईंनी डोळे पुसले. बाबा माईक धरून तसेच उभे राहिले. त्यांनी आयुष्यभराची अब्रू त्या बादलीत बुडवली होती, आणि पाण्याची पातळी कुठेच हलली नव्हती.

तेव्हा बारकी उठली. पेपर बघून जिचे हात थरथरतात ती माझी बहीण भर सभागृहात खुर्चीवर उभी राहिली आणि उजवी मूठ वर केली. ती म्हणाली की मलाही एक प्रश्न विचारायचाय. माझ्या मुठीत काय आहे? अ, पांढरा खडू. ब, पिवळा खडू. क, निळा खडू. ड, काही नाही. मला हे कोणीच शिकवलेलं नाही, तुम्हालाही नाही. दोऱ्यांना विचारा.

सर म्हणाले की बाळ, असे पोरखेळ ऊर्जेला आवडत नाहीत. पण दोरे वर गेले होते. आपलं मूल मागे पडेल म्हणून आयांनी ते वर करवले होते. आणि दोरे हलले. कोणाचा आडवा, कोणाचा उभा, कोणाचा तिरका, कोणाचा गोल गोल फिरत राहिला. शेजारी शेजारी बसलेल्या सख्ख्या जुळ्या भावांचे दोरे काटकोनात झुलत होते. पुढच्या ओळीत आतल्या दोऱ्याची बॅच रिकाम्या चिमटी धरून बसली होती. ती आता एकमेकांच्या नसलेल्या दोऱ्यांकडे चोरून बघत होती.

बारकीने थोडा वेळ जाऊ दिला. मग मूठ उघडली. निळा खडू होता. क.

पुढचं मी नीट पाहिलं, कारण मला ते चुकवायचं नव्हतं. खडू दिसला आणि दोरे वळायला लागले. कोणी हात हलवला नाही, कोणाला हलवायचा नव्हता. पण आडवे दोरे डगमगले, गोल फिरणारे लांबट झाले, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं झुलायला लागलं. अ-क, अ-क, अ-क. एका तालात, आज्ञाधारकपणे, उत्तर कळल्यानंतर.

"बघा," बारकी म्हणाली. "त्याला आत्ता कळलं. आपल्याबरोबरच."

मुलांनी आपापल्या दोऱ्याकडे असं पाहिलं जसं भरवर्गात आपली पॅंट फाटल्यावर माणूस खाली पाहतो. दोरा थांबवावा तर थांबत नव्हता. एका मुलाने नट मुठीत पकडून खिशात कोंबला. मग दुसऱ्याने. टाळ्या वाजवणाऱ्या बाईंनी हात पर्सखाली ठेवले. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सरांनी मागच्या दाराकडे बघितलं आणि ते दार त्यांना आवडलं.

बाबांनी मग साध्या शब्दांत सांगितलं, ज्या शब्दांत त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. हात कितीही स्थिर धरला तरी बोटं किंचित हलतातच. डोळा जिकडे जातो, मन जे उत्तर मानतं, तिकडे ती हलतात, आणि धरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. लांब दोरा त्या इवल्याशा हालचालीचा मोठा झोका करतो. मूल लबाडी करत नसतं. मला त्या दिवशी तिचा हात स्थिर दिसला, कारण माझा चष्मा तेवढं बघू शकत नाही. मला कारण कळलं नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटली. एवढं बोलून त्यांनी बादली उचलली. पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं.

लोक त्यांचे आभार मानतील, असं कोणाला वाटलं असेल तर ते परगावचे असणार. बाहेर पडताना दोघा-तिघांनी त्यांना अडवलं, पण दोऱ्याबद्दल एक अक्षर नाही. विचारलं ते एवढंच की आमच्या मोठ्याचे गुण त्या प्रश्नाने गेले, त्याचं काय? बाबांनी प्रत्येकाची माफी मागितली. सोमवारी शाळेत त्यांनी प्रत्येक वर्गात जाऊन तळ्याचा प्रश्न पुन्हा शिकवला, बाक न वाजवता. फलकांवरचं 'काहीतरी आहे' अजून एका भिंतीवर आहे. बाबा त्या रस्त्याने जात नाहीत. फोटोतले सर तेवढे पावसापाण्याने गेलेत. घरात हे काही घडलेलं नाही, हे मी वर सांगितलंच. गावातही घडलेलं नाही. नट हार्डवेअरच्या दुकानात परत गेले असतील, कारण त्या आठवड्यात आमच्या कपाटाचं दार बसवायला जो नट आणला, तो सोनेरी होता.

बारकीने प्रकाश आणि चुंबकत्व उघडलं. अर्धंच झालं. परीक्षेत जे येत होतं ते लिहिलं, जे येत नव्हतं ते कोरं सोडून आली. कोरं सोडताना हात थरथरत होते म्हणे, पण तरी सोडलं. निकाल लागला तेव्हा तिला जेवढं येत होतं तेवढेच गुण पडले. आमच्या घराण्यात असा चमत्कार आधी कधी झाला नव्हता. हवं होतं ते कॉलेज थोडक्यात गेलं. दुसरं मिळालं. बाबा तिला सोडायला गेले आणि फाटकाबाहेरच उभे राहिले, आत कोणी ओळखीचं निघेल म्हणून.

वाचकहो, दोऱ्याला दोष देऊ नका. दोरा बिचारा कुणाचंही ऐकतो. कुठलीही वस्तू तुम्हाला उत्तर सांगायला लागली, मग ती दोरा असो, मणी असो की माईक हातात घेतलेला माणूस असो, तर तिला एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुमच्याखेरीज खोलीत कोणालाच ठाऊक नाही. मग गंमत बघा. आणि येत असलेल्या उत्तराचं श्रेय स्वतःच्या अभ्यासाला द्या. तो तुम्हीच केलेला असतो.

बाकी मी परीक्षा मंडळाला एक अर्ज केला आहे, त्याची प्रत माहितीसाठी जोडत आहे:

प्रति, मा. सचिव, प्रवेश परीक्षा मंडळ. विषय: पर्यायांच्या संख्येत वाढ करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, येत्या वर्षापासून प्रत्येक प्रश्नास अ, ब, क, ड यांखेरीज 'इ) मला माहीत नाही' असा पाचवा पर्याय छापण्यात यावा. सदर पर्याय प्रामाणिकपणे निवडणाऱ्या उमेदवाराचे गुण कापण्यात येऊ नयेत, उलट त्यास पूर्ण गुण देण्यात यावेत. तसेच ही सवलत पूर्वलक्षी प्रभावाने लागू करून, मंचावर बोलावून माईक पुढे केलेल्या शिक्षकांनाही तिचा लाभ देण्यात यावा, आणि तसे लेखी कळवण्यात यावे, म्हणजे ते पत्र अर्जदारास वडिलांच्या टेबलावर ठेवता येईल.